आपोआप गेलेला ताप

सप्टेंबरात बदामाच्या बागेत काम केलेल्या माणसाची थुंकीसुद्धा तपकिरी येते. यंत्र झाडाचं खोड कवटाळून गदागदा हलवतं, बदाम खाली सांडतात, दुसरं यंत्र ते झाडत ओळीला लावतं, आणि त्याच्या मागून दंताळं घेऊन चालणाऱ्या बायकांना पुढचं झाडही दिसू नये इतकी धूळ उठते. आर्विन गावाच्या चारी बाजूंच्या बागांत ओदिलिया ही धूळ वर्षानुवर्षं खात आली होती. तोंडाला रुमाल, डोक्यावर टोपी आणि मधे फक्त दोन डोळे. तिला कधी साधी शिंक आली नव्हती, आणि हे ती सगळ्यांना ऐकवतही असे.

त्या वर्षी मात्र हंगाम संपता संपता तिला ताप भरला. आधी अंग कसकसलं, मग खोकला लागला. श्वास घेतला की उजव्या बरगडीखाली कोणीतरी सुरी फिरवल्यासारखं व्हायचं. गुडघे, घोटे, मनगटं अशी सुजली की सकाळी कप धरता येईना. आणि दोन्ही नडग्यांवर लालभडक, गरम, बोट लावू देणार नाहीत अशा गाठी उठल्या.

गाडीत तिच्या शेजारी बसायला बायका टाळायला लागल्या. शेवटी मुकादमीण कुकाबाईनं तिला बाजूला घेतलं.

"ओदिलिया, तू घरी थांब. डॉक्टरनं सांगितलं की ये."

"मला काय झालंय? दमट हवेचा खोकला आहे."

"इथे दमट हवा कुठली, बाई. बायका म्हणतात, क्षय आहे. मी नाही म्हणत, त्या म्हणतात."

घर म्हणजे भाड्याच्या दोन खोल्या आणि मागच्या दाराला एक पायरी. त्यात ओदिलिया, तिचा धाकटा भाऊ तौरिनो आणि भावाची बायको मारिसेला. ओहाकाच्या डोंगरातल्या त्यांच्या गावी आई गेली तेव्हा तौरिनो जेमतेम चालत होता. ओदिलियानंच त्याला वाढवला, पुढे सरहद्द ओलांडून इकडे आणला तोही तिनंच. तिचा स्वतःचा नवरा सफरचंदांच्या तोडीला उत्तरेला गेला तो तिकडचाच झाला. मूल नव्हतं. भावाचं लग्न मात्र तिनं थाटात लावून दिलं, गावाकडची मुलगी आणून. मारिसेलाला यायला अजून वर्षसुद्धा झालं नव्हतं. तिला आपली डोंगराकडची मिश्तेक बोली तेवढी यायची. स्पॅनिश चार शब्द, इंग्रजी तर नाहीच.

एके दुपारी ओदिलिया जेवायला उठली, तर तिचं ताट मागच्या पायरीवर ठेवलेलं. वरून दुसरं ताट पालथं घातलेलं, शेजारी तिचा कप, आणि कपाच्या कानाला लाल दोरा बांधलेला.

"हे काय?"

"वन्सं, रागावू नका," मारिसेला दारातूनच म्हणाली. तिनं पदरासारखी शाल तोंडावर धरली होती. "माझे वडील असंच खोकत होते. आईनं आम्हा मुलांना वेगळं ठेवलं म्हणून आम्ही राहिलो. डॉक्टरचं कळेपर्यंतच."

"तौरी, तू सांगितलंस का हिला हे?"

तौरिनो बुटाची नाडी बांधत होता. बांधून झाली तरी त्यानं मान वर केली नाही. "थोडे दिवस, ताई," तो म्हणाला.

ओदिलिया पायरीवर बसून जेवली. समोरच्या कुंपणापलीकडे शेजारणीचा कुत्रा तिच्याकडे आणि ताटाकडे आळीपाळीनं बघत होता. तिनं सगळं संपवलं. एक घासही टाकला नाही, कारण टाकला असता तर तो बाहेर फेकला गेला असता, आणि ते तिला बघायचं नव्हतं.

दवाखान्यात आधी न्यूमोनिया म्हणून गोळ्या दिल्या. त्यांनी काही झालं नाही. मग रक्त तपासलं, तेव्हा कळलं की क्षय नाही. मातीत एक बुरशी असते, धुळीबरोबर ती छातीत जाते, इकडे तिला खोऱ्याचा ताप म्हणतात. एकाचा दुसऱ्याला लागत नाही. तौरिनोनं घरी येऊन हे सांगितलं तसं मारिसेलानं लगेच ताट आत आणलं, कपाचा दोरा सोडला आणि दोन्ही हातांनी ओदिलियाचे हात धरले.

"चुकलं माझं, वन्सं."

"चुकलं कसलं," ओदिलिया म्हणाली. "तुझ्या आईनं शिकवलं तसं तू केलंस."

या तापावर औषध दिलं नव्हतंच. डॉक्टर म्हणाल्या होत्या, थांबून बघू. ओदिलिया मागच्या खोलीत भिंतीकडे तोंड करून पडून राहिली. शेजारणीच्या कुंपणावरची बोगनवेलीची फुलं उकळून मध घातलेला काढा मारिसेला तिला देत होती, कारण खोकल्यावर सगळेच तो घेतात. ओदिलिया घाम गाळत पडायची आणि मनाशी म्हणायची, मी याला काढते की नाही बघ. आपल्या आत कोणी चोर शिरलाय आणि आपण त्याची मानगूट धरून त्याला दाराकडे ओढतोय, असं तिला वाटायचं. हळूहळू ताप उतरला. गाठी जांभळ्या पडल्या, मग पिवळ्या, मग गेल्या. नाताळाच्या सुमारास ती एका दमात दोन पोती उचलायला लागली.

जानेवारीत ती छातीचा फोटो दाखवायला गेली. डॉक्टर ओकाम्पो वयस्क बाई, स्पॅनिश नीट बोलायच्या. त्यांनी फोटो दिव्यापुढे धरला.

"साफ झालंय. एक छोटा डाग राहिलाय, तो राहील. छान झालं."

"मी सोडला नाही त्याला, डॉक्टरीणबाई," ओदिलिया म्हणाली. "खूप झुंजले."

डॉक्टर हसल्या. वाईट हसल्या नाहीत, पण हसल्या. "तुम्ही झुंजला नसतात तरी गेला असता. बहुतेकांचा हा ताप असाच आपोआप जातो. कितीतरी जणांना तर आला होता हेही कळत नाही."

"मी काढा घेत होते."

"घ्या की. चांगला लागतो." त्यांनी फोटो पाकिटात घातला. "तुमच्या नडग्यांवर त्या गाठी आल्या ना, तेव्हाच मी निम्मी निश्चिंत झाले. ज्यांना त्या येतात त्यांचं शरीर त्याला ओळखतं. ते बहुधा बरे होतात. ज्यांना येत नाहीत त्यांची मला काळजी असते. तुमच्या घरात कोणी दिवस गेलेली बाई आहे का?"

"भावजय आहे. आत्ताच राहिलेत दिवस."

"मग नीट ऐका. गरोदर बाईला हा ताप आला तर तो असा सरळ जाईल याचा भरवसा नसतो. छातीतून निघून डोक्यात जातो. तिला नुसता खोकला आला तरी ताबडतोब घेऊन या. डोकं दुखलं तर त्याच दिवशी. सांगाल ना तिला?"

"सांगेन," ओदिलिया म्हणाली.

बसथांब्यावर उभी असताना तिला आधी आनंद झाला, मग तो कुठे गेला ते तिला कळेना. इतके दिवस भिंतीकडे तोंड करून ती जे काही करत होती ते काहीच नव्हतं म्हणे. पायरीवर जेवली, ते सोसून ती उठून उभी राहिली, तर म्हणे आपोआप. पाऊस थांबावा तसा ताप थांबला, आणि ती फक्त तिथे पडलेली होती. डॉक्टरीणबाईंनी हे ज्या सहजपणे सांगितलं ते तिला त्या ताटावर पालथ्या घातलेल्या ताटापेक्षाही जास्त लागलं.

घरी तिनं कोणाला काही सांगितलं नाही. कामावर गेली तेव्हा मात्र गाडीत कुकाबाईनं विचारलं, "कसला इलाज केलास ग?"

"कसला इलाज?" ओदिलिया म्हणाली. "बोगनवेलीचा काढा, आणि अंथरूण धरायचं नाही. डॉक्टरीण स्वतः म्हणाली, अशी बाई मी पाहिली नाही. एक दिवस आडवी झाले नाही मी."

बायकांनी माना डोलावल्या. ज्या शेजारी बसत नव्हत्या त्या आता सरकून जागा देऊ लागल्या. वसंतात कोणाचा नवरा खोकायला लागला, कोणाच्या मुलीला ताप आला, की आर्विनच्या गल्ल्यांतून माणसं ओदिलियाकडे यायची. ती फुलं उकळून द्यायची आणि म्हणायची, पडून राहू नका, पडला तो गेला. ती माणसं बरीही व्हायची, कारण बहुतेक बरी होतातच. दर वेळी एखादी कोंबडी नाहीतर तामालेंचा, मक्याच्या पिठाच्या वाफवलेल्या पुड्यांचा, डबा घरी यायचा. ओदिलियाची चालसुद्धा बदलली. रविवारी प्रार्थनेनंतर ती सगळ्यांच्या आधी बोलायची आणि लोक थांबून ऐकायचे.

उन्हाळा लागला तसं द्राक्षांचं काम सुरू झालं. वेलाखाली वाकून घडांभोवतीची पानं तोडायची, म्हणजे घडांना हवा लागते. मारिसेलाचं पोट आता चांगलं दिसत होतं, तरी ती येत होती. द्राक्षांच्या शेजारी एक पडीक रान कोणीतरी नव्यानं सपाट करायला घेतलं होतं. दिवसभर बुलडोझर चालायचे, आणि दुपारचा वारा सुटला की ती सगळी माती ओळींमधून वाहत यायची.

जून सरता सरता मारिसेला खोकायला लागली. तिला ताप येऊ लागला. एका संध्याकाळी तिनं स्वतःच आपलं ताट उचललं आणि मागच्या दाराकडे निघाली.

"कुठे चाललीस?" ओदिलियानं विचारलं.

"तुम्हाला नको व्हायला, वन्सं."

"बस इथे. हे एकाचं दुसऱ्याला लागत नाही, ठाऊक आहे ना तुला? आणि लागत असतं तरी मी कोणाचं ताट बाहेर ठेवलं नसतं. माझ्याच्यानं तसं होत नाही."

मारिसेलाचा चेहरा पडला. ती बसली. तौरिनो पानातल्या शेंगा चिवडत राहिला.

"मी तुला परकं धरणार नाही," ओदिलिया पुढे म्हणाली. "माझ्यासारखंच धरणार. मी जेवले तसं तूही सगळ्यांत जेवायचं, मी कामावर गेले तसं तूही जायचं. काढा मी करून देईन."

"ताई, पण तू तर तेव्हा घरी होतीस," तौरिनो म्हणाला.

"मुकादमिणीनं बसवलं म्हणून होते. मी होऊन बसले नाही." आणि तिनं त्याच्याकडे असं पाहिलं की तो पुन्हा शेंगांकडे वळला.

मारिसेला कामाला जात राहिली. दोन वेल झाले की ती खांबाला धरून उभी राहायची. बायका कुजबुजू लागल्या, की हिला ओदिलियासारखंच झालंय का. एका दुपारी वेलांच्या सावलीत डबे उघडले होते, तेव्हा कुकाबाईनं सरळ विचारलं.

"ओदिलिया, तुझ्या भावजयीला तोच ताप तर नाही? मग तिला दाखवायला हवं. पोटुशी आहे ती."

ओदिलियानं हातातली मक्याची टॉर्टिया खाली ठेवली. आपला ताप म्हणजे काय होता ते या बायकांना माहीत होतं. त्याच तापाचं नाव घेऊन कालची पोर खांबाला टेकून उभी राहणार, आणि सगळ्या तिच्याभोवती गोळा होणार. ती उठून मारिसेलाजवळ गेली.

"पँट वर कर."

"काय, वन्सं?"

"गुडघ्यापर्यंत वर कर म्हणते."

मारिसेला वाकू शकत नव्हती. ओदिलियानंच खाली बसून तिच्या विजारीचा एक पाय वर सारला, मग दुसरा. तिचे पाय सुजलेले होते, पण नडग्या गुळगुळीत, कुठे ओरखडासुद्धा नाही. ओदिलियाला डॉक्टर ओकाम्पोंचा तो दिव्यापुढचा चेहरा आठवला. ज्यांना येत नाहीत त्यांची काळजी असते, हे त्यांचं वाक्य तिला शब्दन् शब्द आठवलं. ती थोडा वेळ त्या नडग्यांकडे बघत राहिली. बायका थांबल्या होत्या.

"बघा," ती म्हणाली. "माझ्या नडग्या तुम्ही पाहिल्यात, कुकाबाई. लिंबाएवढ्या गाठी होत्या. तो ताप असा असतो. हिचे पाय बघा, जसे राजकन्येचे."

कोणीतरी हसलं, मग दोघी-तिघी हसल्या.

"पहिलटकरीण आहे, होतं असं," ओदिलिया उठत म्हणाली. "माझ्या भावानं लाडावून ठेवलीय, दुसरं काही नाही."

मारिसेलानं विजार खाली केली. तिच्या डोळ्यांत पाणी आलं होतं, पण ती रडली नाही. ती म्हणाली, "वन्सं, मला खरंच बरं वाटत नाही." हे ती इतक्या हळू म्हणाली की ओदिलियाला ऐकू आलं नाही असं दाखवता आलं.

बाळंतपणाच्या तपासणीला ओदिलियाच तिच्याबरोबर जायची, कारण तिथे मिश्तेक कोणाला येत नव्हती. जुलैतल्या तपासणीला नवीन नर्स होती. तिनं पोट मोजलं, बाळाचे ठोके ऐकले आणि स्पॅनिशमधे विचारलं, "काही त्रास? ताप, खोकला, डोकेदुखी?"

ओदिलिया भावजयीकडे वळून आपल्या बोलीत म्हणाली, "बाळ लाथा मारतं का, विचारते."

"मारतं," मारिसेला म्हणाली. "पण वन्सं, तिला खोकल्याचं सांगा. आणि डोक्याचं सांगा. आता मागून ठणकतं, मानेपासून."

ओदिलिया नर्सकडे वळली. "म्हणते, बाळ फार लाथा मारतं. झोपू देत नाही."

नर्स हसली. तेवढ्यात मारिसेलाला खोकल्याची उबळ आली. नर्सनं मान वर केली. "हे कधीपासून?"

"सर्दी आहे," ओदिलिया म्हणाली. "घरात सगळ्यांनाच झालीय."

"पाणी भरपूर प्यायला सांगा," नर्स म्हणाली, आणि पुढच्या बाईला हाक मारली.

परतताना बसमधे मारिसेलानं विचारलं, "काय म्हणाली?"

"पाणी पी म्हणाली."

"आणि डोक्याचं?"

"उन्हानं होतं म्हणाली."

मारिसेलानं खिडकीला डोकं टेकलं आणि डोळे मिटले. तिचा चेहरा मेणासारखा दिसत होता. ओदिलिया तो बघत राहिली. पुढच्या खेपेला सांगू, ती मनाशी म्हणाली. आज सांगितलं असतं तर डॉक्टर ओकाम्पोंपर्यंत गेलं असतं, आणि त्या म्हणाल्या असत्या, मी तुम्हाला जानेवारीतच सांगितलं नव्हतं का. तौरिनोसमोर म्हणाल्या असत्या. पुढच्या खेपेला, अजून थोडं दुखलं तर, दुखणं नुकतंच उठल्यासारखं सांगू. नाहीतर कोणी सांगावं, आपला गेला तसा हिचाही जाईल. बहुतेकांचा जातोच.

घरी तौरिनो बायकोचं डोकं दाबून द्यायचा. "ताई, हिला मोठ्या दवाखान्यात नेऊ का? रात्रभर कण्हते."

"ने की. पोटातल्या बाळाला औषधं पाजतील. मग जन्माला काय येईल ते तू सांभाळ."

"पण दुखतं तिला."

"मला दुखत नव्हतं? मी कण्हले का कधी? तू तर पलीकडच्याच खोलीत होतास. ऐकलंस कधी?"

त्यानं खरंच ऐकलं नव्हतं. त्याच्या मनात ती पायरी अजून होती, आणि ती आहे हे ओदिलियाला माहीत होतं. तो बायकोचं डोकं दाबत राहिला.

ऑगस्टमधे एका सकाळी मारिसेला चुलीपुढे उभी होती आणि टॉर्टिया जळत होत्या. ओदिलियानं हाक मारली तर तिनं मान वळवली नाही. ती कोणाशी तरी बोलत होती. ऐकलं तर तिच्या वडिलांशी बोलत होती. बाबा, तुम्ही बाहेर नका बसू, आत या, गार आहे, असं म्हणत होती. मग तिला उलटी झाली, आणि ती उभीच्या उभी खाली आली.

बेकर्सफिल्डच्या मोठ्या इस्पितळात त्यांनी तिच्या पाठीच्या कण्यातून पाणी काढलं. ते गढूळ होतं. बुरशी मेंदूच्या आवरणात गेली होती. पोट कापून बाळ काढलं. मुलगी, दिवस भरायच्या आधीची, पण रडली आणि जगली. नंतर मारिसेलाला मधेच थोडी शुद्ध आली, तेव्हा तरुण डॉक्टरनं टेलिफोन तिच्या उशाशी ठेवला. त्या टेलिफोनवर कुठल्याशा दूरच्या शहरातला एक माणूस होता. त्याला मिश्तेक येत होती, अगदी त्यांच्या गावाच्या पलीकडच्या डोंगरातली. डॉक्टर इंग्रजीत विचारायचा, तो माणूस मिश्तेकमधे विचारायचा, ती उत्तर द्यायची.

"हे दुखणं कधीपासून?"

मारिसेला बोलली. तिची जीभ जड झाली होती, म्हणून त्या माणसानं डॉक्टरला सांगण्याआधी, नीट ऐकलं ना हे पडताळायला, तिचं वाक्य मोठ्यानं परत म्हटलं. खोलीत तौरिनो होता, ओदिलिया होती.

"द्राक्षांची पानं तोडत होतो तेव्हापासून, म्हणतेस. नणंदेला सांगितलं होतं, म्हणतेस. नर्सला सांग म्हणूनही सांगितलं होतं. नर्स म्हणाली, उन्हानं होतं. बरोबर?"

"हो," मारिसेला म्हणाली.

तौरिनोनं बहिणीकडे पाहिलं. ती भिंतीला पाठ लावून उभी होती. आता तो विचारेल, असं तिला वाटलं. पण तो बघत राहिला आणि हळूहळू त्याच्या चेहऱ्यावरचं काहीतरी विझलं. रोज संध्याकाळी बायकोचं डोकं दाबणारा तोच होता. इस्पितळ तर अर्ध्या तासावर होतं.

"नर्सला कळलं नसेल," तो म्हणाला. "त्या नवीन असतात."

"हो," ओदिलिया म्हणाली. "नवीनच होती."

मारिसेला दोघांकडे बघत होती. ती ओदिलियाला म्हणाली, "वन्सं, तुम्हाला ठाऊक होतं का?"

टेलिफोनवरच्या माणसानं हेही परत म्हटलं, कारण ते त्याचं कामच होतं. मग तो इंग्रजीत बोलला. डॉक्टरनं ओदिलियाकडे पाहिलं आणि तो उत्तराची वाट बघत थांबला.

"नाही ग," ओदिलिया म्हणाली. "मला कसं ठाऊक असणार?"

औषध नळीतून चालू होतं, पण त्याला करायला फार काही उरलं नव्हतं. डोक्यात पाणी साचत होतं, ते काढायला कवटीला भोक पाडून नळी घातली. आठवडे गेले. तिला दिसेनासं झालं. मुलीला तिच्या छातीवर ठेवलं तर ती हातानं चाचपायची आणि विचारायची, हे कोणाचं. ऑक्टोबरमधे ती गेली.

मुलीची राहून गेलेली जन्मनोंद करायची वेळ आली तेव्हा तौरिनो इस्पितळाच्या बाकावर बसला होता. मारिसेलाच्या मनात मुलगी झाली तर आपल्या आईचं नाव ठेवायचं होतं, इलारिया. हे त्या तिघांनाही माहीत होतं. पण तौरिनो नुसता बसला होता. "तूच सांग, ताई," तो म्हणाला. "आईची माया आता तुझ्याकडूनच मिळायची तिला." ओदिलियानं नाव सांगितलं ते स्वतःचं.

मारिसेलाचं शव विमानानं गावी गेलं. तौरिनोला जाता आलं नाही; त्याच्याजवळ इथले कागद नव्हते, गेला असता तर परत येता आलं नसतं. पेटीबरोबर कोणीच नव्हतं. डोंगरापर्यंतचा रस्ता पावसानं खचला होता म्हणून शेवटचा टप्पा ती पेटी एका मालवाहू गाडीत, शेळ्यांच्या खाद्याच्या पोत्यांशेजारी ठेवून नेली. गावच्या वेशीवर तिची आई उभी होती. हे सगळं नंतर कोणीतरी फोनवर सांगितलं.

आर्विनमधे नऊ दिवस प्रार्थना झाली. बायका आल्या, तामाले आले. कुकाबाई बाळाला मांडीवर घेऊन रडली. "त्या दिवशी मी हसले होते ग," ती म्हणाली. "तिचे पाय बघून."

"तुम्हाला काय माहीत," ओदिलिया म्हणाली.

तौरिनो दारात उभा राहून येणाऱ्या पुरुषांशी बोलत होता. ओदिलियाला आतून ऐकू येत होतं. "तोच आजार ताईला झाला होता," तो सांगत होता. "तोच. पण ताईचं शरीर वेगळं आणि मन वेगळं. हिच्यात ती ताकद नव्हती. काढाही अर्धा टाकून द्यायची. ताई किती सांगायची तिला."

काढा तिनं कधी टाकला नव्हता. शेवटचा थेंब प्यायची, कडू लागला तरी. ओदिलियाच्या ओठांवर एक शब्द आला. समोर बसलेल्या बायका तिच्याकडे पाहून हुंदके देत होत्या. तिनं तो शब्द गिळला आणि बाळाच्या तोंडात बाटली दिली. मूल हावरं होतं. ते दोन्ही हातांनी तिचं बोट धरून दूध ओढू लागलं, आणि ओदिलियाला बऱ्याच वर्षांत वाटलं नव्हतं असं सुख वाटलं. त्या सुखाची तिला लाज वाटली नाही. वाटेल म्हणून तिनं थोडी वाट पाहिली, मग सोडून दिली.

बाप्तिस्मा फेब्रुवारीत झाला. अंगणात टेबलं मांडली, बँड बोलावला, मोलेच्या तिखट रश्शाचं मोठं भांडं चुलीवर रटरटत होतं. ओदिलियानं नवा निळा पोशाख घातला होता. ती आता अंगानं भरली होती, गालांवर रंग होता. लोक म्हणत होते, हिला बघून कोणी म्हणेल का ही मरणाच्या दारातून आलीय.

मधेच तौरिनोनं फोन आणून दिला. "गावाहून आहे," तो म्हणाला आणि निघून गेला. सासूशी बोलणं तो टाळायचा.

"बाई," पलीकडून म्हातारीचा आवाज आला. फोन लावायला ती डोंगर उतरून पंचायतीच्या कचेरीपर्यंत आली होती. "पोर कशी आहे?"

"मजेत आहे, मावशी."

"इकडे पाठवाल का म्हणून मागे विचारलं होतं."

"ती इथली आहे, मावशी. इथल्या कागदांवर आहे. इथे तिला डॉक्टर आहेत, दूध आहे. तिकडे काय आहे?"

म्हातारी म्हणाली, "बरं. मग तिचा आवाज ऐकवा तेवढा. रडू दे नाहीतर हसू दे. मी अजून ऐकला नाही."

ओदिलियानं फोन मांडीवरच्या मुलीच्या तोंडाशी धरला. मुलगी गाढ झोपली होती. बँडवाल्यांनी नवं गाणं धरलं होतं, ताटं वाजत होती, कोणीतरी मोठ्यानं हसत होतं. बराच वेळ तिनं फोन तसाच धरून ठेवला.

"हॅलो," म्हातारी म्हणाली. "आहे का ती तिथे?"

"झोपलीय," ओदिलिया म्हणाली. "आता पाहुणे आलेत, मावशी. ठेवते."

"थोडं थांबा, बाई. उठेल."

टेबलाकडून कुकाबाई हाक मारत होती, केक कापायला सगळे खोळंबले होते. ओदिलियानं फोन बंद करून खिशात टाकला आणि मुलीला खांद्यावर घेऊन ती लोकांत गेली.